पाणी, वाटी, काठी, माती

आमचे मामंजी कान तपासायचे. आजूबाजूच्या खेड्यांत त्यांना कानमास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना होता. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिथल्या भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या घरात कुणाला तरी थंडी फार वाजते.

तपासणीचं यंत्र होतं, पण त्यांचा भरवसा स्वतःच्या कुजबुजीवर. समोर बसायचं, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरायचा आणि हळूच म्हणायचं, "पाणी." ऐकू आलं की समोरच्याने बोट वर करून शब्द परत म्हणायचा. पाणी, वाटी, काठी, माती. कायम तेच शब्द, त्याच क्रमाने. पडद्याच्या अलीकडे आमचं स्वयंपाकघर. मांजरालासुद्धा पाठ झाले असतील.

एकदा एक म्हातारबाबा कानाचं नवं मशीन परत घेऊन आले. "मास्तर, हे ठेवा तुमचं. घरातले मला काय काय म्हणतात ते सगळं कळायला लागलंय." मामंजी पोट धरून हसले, आणि दवाखाना बंद झाल्यावर तोच किस्सा सासूबाईंना नक्कल करून सांगितला. रोजचंच होतं ते. त्या भाजी निवडणार, मामंजी शेंगा सोलणार, आणि दोघांच्या गप्पांना खळ नाही. आम्ही मुलांना झोपवायला उठलो तरी यांचं चालूच.

मग सासूबाई कुकरच्या शिट्ट्या चुकवू लागल्या. दाराची कडी वाजली तरी ढिम्म. मी मामंजींना सांगितलं. त्यांनी लगेच पुठ्ठा काढला. सासूबाईंनी चारही शब्द बिनचूक म्हटले.

"कान ठणठणीत आहेत हिचे," ते म्हणाले. "लक्ष नसतं, एवढंच."

"त्या यंत्रावर बघा ना एकदा."

"ते डबडं माझ्या डोक्यावर नको," सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. "गरगरतं मला."

पुढे मी जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा पुठ्ठा निघाला आणि सासूबाई पास झाल्या. दोन वर्षं अशीच गेली.

एका सकाळी तपासणीत 'वाटी' झाल्यावर फोन वाजला. मामंजी बोलून आले आणि कुठे थांबलो होतो ते विसरले. पुठ्ठा धरून म्हणाले, "माती."

सासूबाईंनी बोट वर केलं. "काठी."

मामंजींनी परत म्हटलं, "माती."

"माती," त्या म्हणाल्या. काठीनंतर माती येते ना.

पुठ्ठा मामंजींच्या हातातून गळाला. शब्द ऐकून नाही, पाठ करून येत होते.

"का गं लपवलंस? माझ्यापासून?"

सासूबाईंनी ते ओठांवरून वाचलं. "कानमास्तरची बायकोच बहिरी म्हटल्यावर तुमच्या दारात कोण पाय ठेवेल हो?"

त्यानंतर मामंजींना मी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, नस गेली आहे, फार आधी यायला हवं होतं. तरी मामंजी कपाटातलं एकेक मशीन काढून सासूबाईंच्या कानाला लावत, स्क्रू फिरवत, "आता? आता गं?" विचारत. "डोक्यात पत्रे वाजतात हो," म्हणून त्या रडायच्या. मामंजी ते मशीन काढायचे आणि दुसरं लावायचे. लोक दिव्याखाली अंधार म्हणाले. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. ओठ नीट दिसावेत म्हणून त्यांनी मिशी मात्र काढून टाकली. तरुणपणापासूनची झुपकेदार मिशी. खिडकीपाशी उजेडात बसून सावकाश बोलायचे, आणि त्या बघायच्या. तेवढ्या गप्पा उरल्या होत्या.

मग मामंजींची फुप्फुसं गेली. इस्पितळात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला.

दुपारी ते काहीतरी बोलू लागले. मास्कच्या आत नुसती वाफ धरत होती. सासूबाई वाकून, डोळे ताणून बघत होत्या.

"काय म्हणतायत गं ते?"

मी कान जवळ नेला. सूं सूं आवाजाखेरीज काही नाही. त्यांनी मास्क ओढला, नर्सने परत लावला. "काका, काढायचा नाही हं."

"अहो, दिसत नाही मला!" सासूबाई ओरडल्या. अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. मामंजी पुन्हा बोलले, पुन्हा वाफ. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मग झाकलेल्या तोंडासमोर ताठ बसल्या, बोट वर केलं आणि शाळेतल्या मुलीसारखं म्हणाल्या,

"पाणी. वाटी. काठी. माती."

मामंजींच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. चादरीवरचं त्यांचं बोट जरासं उचललं गेलं.

"बरोबर आलं का गं?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी मान डोलावली. रात्र व्हायच्या आत ते गेले. ते काय म्हणत होते, ते मलाही कळलेलं नाही.