पेडल मारत ब्रॅकनेल

जुन्या गाडीचे पार्ट्स मिळत नाहीत, किस्से मात्र पाहिजे तेवढे मिळतात. माझी मोपेड फ्रेंच, निळी, माझ्याहून वयाने मोठी आणि सायकलसारखी पेडलं असलेली. आयटीतल्या माणसाने असली गाडी का घ्यावी, हे इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलमधल्या एकाही मित्राला अजून कळलेलं नाही. बायकोलाही नाही. पण किस्से ऐकायला सगळे येतात!

*

घेतली लंडनमध्ये ईलिंगच्या एका फ्रेंच आजींकडून. त्या मुलीकडे राहायला चालल्या होत्या, म्हणून विकत होत्या. त्यांनी माझी मुलाखतच घेतली. राहता कुठे, गॅरेज आहे का, पावसात उभी ठेवणार का? लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीही मला एवढं विचारलं नव्हतं. शेवटी हँडल माझ्या हातात देत म्हणाल्या, "सकाळी तिला घाई करू नका. तिला आवडत नाही."

मला वाटलं, गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस मिनिटं पेडल मारल्यावर पटलं!

*

चढ आला की इंजिनाला आपल्या पायांची मदत लागते. एकदा असाच घामाघूम होऊन चढत होतो. फुटपाथवरून मोबिलिटी स्कूटरवर, म्हणजे चालता न येणाऱ्यांच्या त्या बॅटरीच्या संथ गाडीवर, एक वयस्कर बाई आल्या. थोडा वेळ माझ्या बरोबरीने चालल्या.

"यू ऑलराइट, लव्ह?"

मी धापा टाकत मान हलवली.

"मग मी पुढे होते हं," म्हणाल्या, आणि गेल्यासुद्धा!

*

माझी लेक मीरा नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. एकदा धावत आत आली. "बाबा, तुझा मोपेड ड्राइव्हवेवर सू करतो!"

ऑइल गळत होतं. पण मला आधी मराठीची काळजी. "तुझा नाही गं, तुझी मोपेड. मोपेड 'ती' असते."

"ओके. आणि कार्पेट? तो का ती? मी शूज घालून आत आली ना."

*

ऑफिसच्या कार पार्कचा बॅरियर तिला गाडीच मानत नाही. पहिल्या दिवशी मी उभा, मागे गाड्यांची रांग, दांडा काही हलेना. शेवटी मान खाली घालून खालूनच गेलो.

दुपारी सिक्युरिटीचा फोन. "सर, तुमची मोपेड आत उभी आहे. पण सिस्टीमप्रमाणे ती आलेलीच नाही. मग संध्याकाळी तिला बाहेर कसं सोडायचं?"

*

बाबा गेले आणि आईला मी नागपूरहून इकडे आणलं. अख्खी शाळा धाकात ठेवणारी हेडमिस्ट्रेस, इथे नुसती खिडकीत बसून राहायची. काही विचारलं की "बरी आहे", एवढंच.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकलिंग सांगितलं. सायकल तिने लग्नाआधी चालवलेली, नंतर कधीच नाही. "या वयात रस्त्यावर? काहीतरीच!" म्हणाली. म्हणून मी मोपेड दारात स्टँडवर लावली, मागचं चाक अधांतरी. "नुसतं पेडल मार आई, जागची हलणार नाही." मग रोज पदर खोचून, माझं जॅकेट घालून, वीस मिनिटं.

एका शनिवारी मी पेट्रोलचा कॉक बंद करायला विसरलो. पेडल मारता मारता इंजिन सुरू झालं, आई दचकून पुढे झुकली, स्टँड सुटला आणि आई निघाली!

आमची गल्ली पुढे बंद आहे, शेवटी गवताचं गोल बेट. आई त्याला वळसा घालून परत आली आणि माझ्यासमोरून निघून गेली.

"आई, ब्रेक! ब्रेक दाब!"

मी मागे धावतोय, बायको दारात किंचाळतेय, शेजारी बाहेर आलेले. माझ्या डोळ्यांसमोर मोडलेलं हाड, ॲम्ब्युलन्स, सगळं येऊन गेलं. दुसरी फेरी. तिसरी. चौथ्या फेरीला ती दारासमोर अलगद थांबली आणि पाय टेकले.

मी तिला धरून उतरवलं. "लागलं नाही ना? किती ओरडत होतो मी! ब्रेक सापडत नव्हता का?"

आईने पदर सोडला, केस सारखे केले.

"सापडला होता की. पहिल्याच फेरीत."