दारावरची खडूची तारीख

पावसाळाभर दर मंगळवारी महापालिकेच्या आरोग्य विभागातल्या एक बाई आमचा कूलर तपासायला यायच्या. नाव कधी विचारलं नाही, ताईच म्हणायचो. कूलर कधीचाच बंद होता, पण टाकीतलं पाणी तसंच होतं. "काढतो, ताई," हे माझं ठरलेलं उत्तर. त्या रागवायच्या नाहीत. टॉर्च मारून वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या दाखवायच्या आणि दारावर खडूनं तारीख लिहायच्या. खडू मात्र मुठीत धरायच्या, लहान मुलं धरतात तसा. एकदा न राहवून विचारलंच.

"मागच्या वर्षी डेंगू झाला, त्याच्यातच चिकनगुनिया. ताप गेला भाऊ, पण बोटं अजून सरळ नाही होऊन राहिली." मग ओशाळं हसल्या. "साऱ्या मोहल्ल्याचे कूलर पाहत होती मी, घरचाच पाहाचा राहून गेला."

पुढच्या मंगळवारी टाकी मी पुसून कोरडी ठेवली. त्यांनी टॉर्च मारली. विश्वास बसेना, म्हणून आत हात घातला. ताप उतरलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा, तसा तो वाकडा हात तळावरून फिरला.

खडू मी मागून घेतला. त्या दिवशीची तारीख मी लिहिली.