जमादारांचा कहवा आणि माझी अरबी

मला अरबीची दोन वाक्ये येतात. एक तोंडाने बोलायचे असते आणि दुसरे हाताने. दोन्ही मी थोरल्या लेकीच्या लग्नात शिकलो आणि दोन्ही चुकीच्या ठिकाणी वापरली.

तेव्हा आमच्या नांदेडात निजामाचा अंमल होता. मी कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर होतो. छटाकभर फरक मला खपत नसे. लग्न मुलाकडे, लातूरला. चार बैलगाड्या, बायकामाणसे, अंगावर दागिने आणि मधला रस्ता लुटारूंचा. सोबत चाऊस असला तर गाडीला कोणी हात लावत नसे. (निजामाच्या फौजेतल्या अरबांना आमच्याकडे चाऊस म्हणत. त्यांच्या कमरेला वाकडा खंजीर असे. लुटारूंना तेवढे पुरे होई.) सगळा हिशेब मी चोख धरला होता. फक्त ठरवलेला चाऊस ऐन निघायच्या सकाळी तापाने फणफणेल, हे धरले नव्हते.

"चाऊस न्हाई तर मी पोरीला घेऊन निघणार न्हाई," बायकोने गाडीतूनच सांगितले. "मुहूर्त गेला तर जाऊ द्या."

मुहूर्त गेला तर व्याही लग्नच मोडणार होते. तसा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. आणि दुपारच्या आत गाड्या हलल्या, तरच उजेडी लोह्याच्या मुक्कामाला पोहोचत होतो.

"दाजी, चला अरबांच्या जमादाराकडं," मेहुणा दत्तू म्हणाला. "मी हाय ना. मला अरबी कळती."

(दत्तू फारशीच्या वर्गात तीन वर्षे बसला होता. तिन्ही वर्षे त्याच वर्गात.)

वाटेत त्याने मला अरबी शिकवली. "उजवीकडून लिहितात अन् गळ्यातून बोलतात. गेल्या गेल्या 'कैफ हालक' म्हणा. म्हंजी, कसं काय. त्यांना बरं वाटतं. अन् पेल्यात दिलेलं शिल्लक ठेवू नका. लई अपमान समजतात."

"तो तर आपल्यातही समजतात."

"मग सोपंच हाय की."

जमादार ओसरीवर बसले होते. पांढरी दाढी, रुंद छाती, आणि खंजीर होताच. मी गळा खरवडून "कैफ हालक" म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. माझे दोन्ही हात धरून ते अरबीत बराच वेळ बोलले.

"काय म्हणाले?"

"बरं हाय म्हणाले," दत्तूने सांगितले.

"एवढ्या वेळात एवढंच?"

"दाजी, ऐसपैस भाषा हाय ती."

मग कहवा आला. बिनकानाचा चिमुकला पेला, त्यात आले घातलेला कडू कहवा. मी तळापर्यंत प्यालो. जमादारांनी पुन्हा ओतला. तोही संपवला. पुन्हा ओतला.

"कामाचं कधी बोलायचं?" मी कुजबुजलो.

"कहवा संपू द्या. मधीच काम काढलं तर वाईट दिसतं."

पण कहवा संपेना. सातव्या पेल्यानंतर मी मोजणे सोडले, आयुष्यात प्रथमच. जमादार आता हसत नव्हते. झारी रिकामी झाली तसे ते आत तोंड करून मोठ्याने काहीतरी म्हणाले. आतून एका बाईने त्याहून मोठ्याने उत्तर दिले. दत्तूचा चेहरा पडला.

"आता काय म्हणाले?"

"पक्कं सांगता येत न्हाई. पण आपल्याबद्दलच हाय."

दुसरी झारी आली. पाठोपाठ आमचा गाडीवान दारात. "मालक, बैलं जुंपून उभी हायेत. बाई इचारून राहिल्या, सोडून टाकू का?"

लेकीचे लग्न दारात उभे होते आणि मी कहवा पीत होतो. जमादारांनी झारी उचलली. माझा हात, भीतीने म्हणा की कहव्याने, असा थरथरू लागला की रिकामा पेला डावीकडून उजवीकडे हलला. संपलं, मला वाटले.

जमादारांनी झारी खाली ठेवली आणि कपाळ पुसले.

"अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले, आणि पुढे स्वच्छ मराठीत, "भाऊ, लई पिता तुम्ही. घरातला कहव्याचा बुंददाणा संपला. दुसरी झारी शेजाऱ्याकडून मागून आणली."

"तुम्हाला मराठी येते?"

"न यायला काय झालं? बाप तिकडं अरबस्तानात हद्रमौत हाय, तिथून आला, मी इथंच गोदावरीत पोहायला शिकलो. अरबी तुम्ही सुरू केली. म्हटलं, शिकलेला माणूस दिसतो, मराठीत बोललो तर त्याला कमीपणा वाटंल."

"मग ओतायचं थांबला का नाहीत?"

"पाहुणा पेला हलवीत न्हाई तवर ओतायचं. अन् त्याचं पिऊन झाल्याबिगर काम इचारायचं न्हाई. कवाची वाट पाहून राहिलो. तुम्ही हलवीतच न्हाई."

मी एका दमात काम सांगितले. जमादार उभेच राहिले.

"पोरीच्या गाड्या खोळंबल्यात अन् तुम्ही कहवा पिऊन राहिलात?"

डोक्याला फेटा गुंडाळून ते स्वतःच निघाले. बायकोने त्यांना पाहिले आणि बैल सोडायचे राहिले. लुटारू आले नाहीत. (दत्तू वाटभर अरबी बोलत होता, तेही कारण असेल.) मुहूर्तावर अक्षता पडल्या.

जेवणात बासुंदी होती. व्याह्यांनी आग्रह करून करून चार वाट्या घातल्या. चौथी संपली तेव्हा मात्र मी रिकामी वाटी उचलली आणि सगळ्या पंगतीला दिसेल अशी सावकाश, डावीकडून उजवीकडे हलवली.

व्याह्यांना भरून आले. "अरे, पाहुणे वाटी हलवून मागून राहिलेत! पातेलंच आणा हिकडं."

ओसरीवर जेवायला बसलेल्या जमादारांनी आपल्या वाटीवर हात आडवा धरला होता. वाढपी त्यांना नमस्कार करून पुढे सरकला आणि पातेले घेऊन माझ्यासमोर येऊन वाकला. जमादारांना मराठी येत होती. मला अरबी येत होती.