माझ्या स्पिरिटला अण्णाच पंच

मंडळी, आज काळीज गार झालं.

मुरुम गावामधी माझं फर्निचर पॉलिशचं दुकान हाय. लाख विरघळवायला स्पिरिट लागतं, त्याचा परवाना माझ्याच नावावर हाय. तरी शेजारच्या मल्लूअण्णांनी निनावी तक्रार केली, की ही बाई दारू इकते. निनावी असली तरी साऱ्या गल्लीला ठावं.

आज एक्साईजचे साहेब आले. परवाना, कॅन, सील, सगळं बरोबर निघालं. पंचनाम्याला शेजारचे पंच पाहिजे होते. अण्णा दारात मजा बघत उभेच. म्या म्हणलं, "साहेब, ह्यांना घ्या. लई सज्जन माणूस."

साहेबांनी कॅन उघडून अण्णांना वास घ्यायला लावला. ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. मग अण्णांनी साऱ्या गल्लीसमोर सही केली, की इथं प्यायची दारू न्हाय.

संध्याकाळी अण्णा हळूच आले. लेकीच्या लग्नाचा दिवाण माझ्याकडं पॉलिशला हाय ना! "ताई, दिवाण कधी व्हईल?"

म्हणलं, "अण्णा, दारूनं पुसलेला दिवाण लेकीला कसा देणार?"

मान खाली घालून गेले.

आता तुमीच सांगा, पॉलिशचा दुसरा हात लग्नाआधी मारू, का लेक बाळंतपणाला आल्यावर?