गोष्टीच्या उलट

बाबालाल मास्तर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पेठ वडगावच्या बाजारात वांगी निवडत होतो. "मास्तर गेलं. काल मातीबी झाली," निरोप घेऊन आलेला गाडीवान म्हणाला. पंधरा वर्षं आम्ही एका शाळेत शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं, आणि मूठभर माती टाकायला मी नव्हतो. याला महिना झाला, पण माझा राग गेलेला नाही. कुणावर, ते विचारू नका.

कोल्हापुरात मास्तरांना सारे ओळखत ते त्यांच्या एका प्रश्नामुळे. भेटेल त्याला थांबवून ते विचारत, "पावणं, गोष्टीच्या उलट काय हो?" मुलांकडून उलट शब्द घोकून घेणारा माणूस, एखादं पुस्तक करत असेल, असं लोकांना वाटे. कासार म्हणाला, "खरं." जैन अडत्या म्हणाला, "गप बसणं." मास्तरांना काही पटत नसे. "खरं सांगितलं तरी ती गोष्टच की. आन् गप बसणाऱ्याची तर लोक दुप्पट गोष्ट करत्यात!" मीही त्यांची पुष्कळ थट्टा केली. त्या थट्टेची आज लाज वाटते.

कारण पुढे एकदा त्यांनीच मला सगळं सांगितलं. महाराज गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. प्लेगानं गाव ओस पडलं होतं, सारे रानात झोपड्या घालून राहिले होते. मास्तरांची धाकटी बहीण हुसेनबी गारगोटीला दिलेली. नवरा प्लेगात गेला म्हणून ती बैलगाडीनं भावाकडे यायला निघाली. इकडे आजूबाजूच्या झोपड्यांतली पोरं वाट बघून कंटाळली आणि गोष्टीसाठी हटून बसली. भर दुपार होती. दिवसा गोष्ट सांगितली की वाटेवरचा माणूस वाट चुकतो, असं आमच्याकडे घरोघर मानतात. अर्धी सांगितली तर बाधत नाही, पुरी सांगू नये. मास्तरांनी राजा, राणी, विहिरीतला मासा, सगळं पार शेवटापर्यंत सांगितलं.

गाडी आलीच नाही. गाडीवान, बैल, हुसेनबीची पेटी... काही म्हणजे काही सापडलं नाही. वाटेवरच्या गावांत मास्तर विचारत फिरले. "आत्ताच गेली की हितनं, घुंगरं ऐकली आमी," असं लोक दोन दिवसांनीही सांगत होते आणि दोन महिन्यांनीही.

"गोष्टीनं वाट चुकली," मास्तर मला म्हणाले, "तर गोष्टीच्या उलट जे काय हाय, ते केलं की ती वाटंला लागंल. न्हाय का?"

शेवटच्या भेटीत ते तापानं फणफणले होते, पण चेहरा हसरा. "घावलं," म्हणाले. आणि भर दुपारी त्यांनी तीच गोष्ट शेवटाकडून सुरू केली. सुखानं नांदणारं राज्य मोडलं, मासा विहिरीत परत गेला, राणी लग्नाआधीच्या घरी गेली... एकेक वाक्य ते उसवत होते. लांब कुठेतरी घुंगरं वाजत होती. पहिल्या वाक्यापाशी आले आणि खोकल्याची उबळ आली. "उद्या म्हणतो," एवढंच बोलले. मी बरं म्हणालो, आणि सकाळी कामासाठी वडगावला निघून गेलो. त्याच सकाळी ते गेले.

त्यांच्या खोलीची किल्ली आता माझ्याकडे आहे. हुसेनबीसाठी घेतलेली चटई अजून भिंतीला टेकून उभी आहे. उंबऱ्याशी ते रोज पाण्याचा तांब्या भरून ठेवत, हल्ली मी ठेवतो. जिच्यासाठी हे सारं, तिचा भाऊच उरला नाही, मग तिला कशाला बोलवायचं, असं मनाला महिनाभर समजावलं. पण वाटेत अडकलेल्या बाईला तसंच ठेवायचं का? गेल्या शुक्रवारी दुपारी दार सताड उघडून बसलो आणि राहिलेलं वाक्य मोठ्यानं म्हटलं, "एक होता राजा."

गल्ली एकदम शांत झाली. मग घुंगरांचा आवाज बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला.

पुढचं लिहीत नाही. लिहिलं तर गोष्ट पुरी होईल, आणि हा अंक लोक भर दिवसा वाचतात.