सुलक्षणाची ओटी

मालिका एका शनिवारी बंद झाली. पुढच्या शुक्रवारी दुपारी उदगीरमधल्या आमच्या माहेरच्या गल्लीत बायका जमल्या आणि त्यांनी मालिकेतल्या नायिकेच्या छापील फोटोची ओटी भरली. रविवारी ते पेपरात आलं. ते पेपरात कुणी दिलं याबद्दल गल्लीत आजही जे मानलं जातं, ते खरं नाही. खरं काय ते मला माहीत आहे. मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ऑफिसात नाही, आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

मी नांदेडला एका दैनिकात जिल्हा पानांवर काम करते. दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, शीर्षक द्यायचं. कोण म्हणालं, कुणासमोर म्हणालं, तुम्ही स्वतः ऐकलं का, हे बातमीदारांना विचारणं माझं काम. म्हणून इथेही क्रमानेच सांगते. सुचेल तसं सांगत बसले तर मी मधलं काहीतरी गाळेन, अशी मला भीती आहे.

मालिका नऊ वर्षं चालली. नायिकेचं नाव सुलक्षणा. या नऊ वर्षांत तिच्यावर चोरीचा आळ आला, नवरा दोनदा सोडून गेला, दोनदा पोट पडलं, आणि सासूने दिवाणखान्यात उभं करून तिला वांझ म्हटलं. तो भाग तीन दिवस चालला होता. शेवटच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. सातवा लागला आणि वाहिनीने मालिका बंद केली. शेवटच्या भागात सगळं घर महादेवाच्या देवळापुढे उभं राहिलं, सासू हसली, सुलक्षणाने पोटावर हात ठेवला, आणि 'समाप्त'. सोमवारपासून त्या वेळेला दुसरंच काहीतरी सुरू झालं.

लोक चिडले. आमच्या ऑफिसात फोन आले — जणू वाहिनी आम्हीच चालवत होतो. कंधारच्या बातमीदाराने कळवलं की बसस्टँडवरच्या बांगड्यांच्या दुकानात दुसरा विषयच नाही. देगलूरची माझी मामी म्हणाली, "मी आता तेलुगूच बघते. तिकडं निदान बाया बाळंत तरी होतात." आणि उदगीरला आमच्या गल्लीतल्या प्रभाक्कांनी केबलवाल्याला फोन लावून विचारलं, "तूच बंद केलास का रे? पैसे राहिलेत का आमचे?" तो बिचारा शपथा घ्यायला लागला. तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग सांग त्यांना. सातव्या महिन्यात पोरीला कुणी घराबाहेर काढतंय का? त्यांच्या घरात आयाबहिणी न्हाईत?"

हे मला शिवकांता वहिनींनी फोनवर हसत हसत सांगितलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. अण्णाचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीचं दुकान आहे. तेव्हा त्यांच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. वहिनींना शेजार एकच, प्रभाक्कांचा. दुसऱ्या बाजूला अण्णाचं गोदाम. प्रभाक्का वयाने दहा-बारा वर्षांनी मोठ्या, मुलगा लग्नाला आलेला. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता असं नाही, अण्णाच्या टीव्हीपेक्षा मोठा होता. तरी रोज मालिकेच्या वेळेला त्या सोलायचा लसूण घेऊन आमच्याकडे यायच्या. दोघी मिळून सुलक्षणाला सल्ले द्यायच्या. सासूला शिव्या वहिनी द्यायच्या. एरवी त्यांच्या तोंडून मी शिवी ऐकलेली नाही.

आता थोडं मागे जावं लागेल.

याच्या चार वर्षं आधी मी बाळंतपणाला माहेरी होते. अव्वाने, म्हणजे आमच्या आईने, माझं डोहाळजेवण केलं. पहाटेपासून सगळा स्वयंपाक वहिनींनी केला. माझी हिरवी साडी त्यांनी निवडली. खण-नारळही त्यांनी स्वतःच्या हाताने आणून ताटात मांडून ठेवला होता. बायका एकेक करून उठल्या आणि माझी ओटी भरून गेल्या. आधी लेकुरवाळ्या, मग बाकीच्या. वहिनींना कुणी हाक मारली नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभ्या होत्या. अव्वा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "शिवकांता, वरण बघ गं, लागंल खाली."

वरण कधीच उतरवलं होतं. वहिनींनी ताट फडताळावर ठेवलं आणि आत गेल्या.

मी बघितलं. मी म्हणू शकत होते — वहिनी, या. दोन शब्द. त्या दिवशी माझा शब्द कुणी मोडला नसता. मी का म्हटलं नाही? मला वाईट वाटलं होतं, हे खरं आहे. पण ते एवढंच नव्हतं. पोटातल्या जिवाला काही झालं तर — हा विचार माझ्याही मनात येऊन गेला. मी पदवीला पहिली आलेली, अंधश्रद्धेवर अग्रलेख वाचणारी बाई. मी पदर सावरून बसून राहिले.

सुलक्षणाच्या ओटीची कल्पना प्रभाक्कांची. वहिनींनी मला फोन केला. "वन्सं, तुम्ही पण या. अक्का ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, त्यांनी अर्ध्यात सोडलं म्हणून आपण कशाला सोडायचं?" त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी रजा टाकली. नणंद म्हणून गेले. हे लक्षात ठेवा — मला नणंद म्हणून बोलावलं होतं.

प्रभाक्कांच्या मुलाने झेरॉक्सच्या दुकानातून सुलक्षणाचा रंगीत फोटो काढून आणला होता. शाई कमी पडली होती, तिची हिरवी साडी निळी आली होती. वहिनींनी तिच्या खांद्यावर हिरव्या खणाचा तुकडा टाचला, पाटावर पितळी डब्याला टेकून फोटो ठेवला, पुढे रांगोळी काढली. गल्लीतल्या बायका आल्या. बऱ्याच जणी गंमत म्हणून आल्या होत्या आणि त्यात काही लपवत नव्हत्या. एक म्हणाली, "चॅनलवाल्यांना आहेराला बोलवा की." सगळ्या हसल्या. वहिनीही हसल्या.

मग अडलं. फोटोला पदर नाही, ओटी घ्यायची कुणी?

"मी घेते की," म्हणून प्रभाक्का फोटोशेजारी मांडी घालून बसल्या आणि पदर पसरला. "ये शिवकांता. पहिली तू."

वहिनींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पुढे झाल्या. खण, नारळ, हळकुंड, सुपारी. मग ओंजळीने गहू. थोडे गहू पाटाखाली सांडले. प्रभाक्का बसल्या जागेवरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता एक ऐका. माझ्या पोराचं लगीन ठरलंय. सुनेला दिवस गेले की तिची पहिली ओटी ही भरंल. कुणाला काय म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा, मागून न्हाई."

कुणी काही म्हटलं नाही.

नंतर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सुलक्षणाच्या वतीने वहिनींनी झाकण उचललं. बर्फी. कुणीतरी विचारलं, नाव काय ठेवायचं? वहिनींनी लगेच सांगितलं. हळू, पण लगेच. त्यांना विचार करावा लागला नाही.

फोन सगळ्यांच्याच हातात होते. मीही दोन फोटो काढले.

शनिवारी मी कामावर हजर झाले. रविवारच्या अंकात पान तीनवर एक चौकट रिकामी पडत होती. मुख्य उपसंपादक म्हणाले, काहीतरी हलकंफुलकं आहे का? माझ्याकडे होतं. मला कुणी भरीस घातलं नाही. मी नाही म्हटलं असतं तर तिथे एखादी पाककृती गेली असती.

लिहायला मला फार वेळ लागला नाही. गाव लिहिलं, गल्लीचा उल्लेख केला, वहिनींचं नाव घातलं नाही. नाव घातलं नाही म्हणजे जपलं, अशी समजूत आमच्या धंद्यात असते. 'मोंढ्यातील एका अडत व्यापाऱ्याची निपुत्रिक पत्नी' असं लिहिलं. बर्फी लिहिली. त्यांनी सांगितलेलं नाव लिहिलं. ते इथे पुन्हा लिहीत नाही. प्रभाक्कांनी सुनेबद्दल दिलेला शब्द लिहिला नाही. चौकटीत जागा नव्हती — आणि तो घातला असता तर बातमी हसण्याची राहिली नसती.

शेवट नीट बसेना. चुरचुरीत काहीतरी हवं होतं. मी लिहिलं: "'पोटी काही नाही, म्हणून पडद्यावरचीच ओटी भरून घेतली,' असे शेजारच्या एका महिलेने सांगितले."

असं कुणीही सांगितलं नव्हतं. ते वाक्य माझं. ती महिला मी तयार केली. तयार करताना मी विचार केला नाही, की वहिनींना शेजारची महिला एकच आहे. की केला होता? इतक्या वेळा हे मनात फिरवलंय की आता मला खात्रीने सांगता येत नाही. तेच वाक्य डेस्कवर कुणीतरी उचलून शीर्षकात घेतलं. वर माझं नाव नव्हतं, 'प्रतिनिधी' एवढंच होतं. सोबत मी काढलेला फोटो: वहिनींचे हात, पसरलेला पदर, निळ्या साडीतली सुलक्षणा.

रविवारी दुपारपर्यंत कात्रण उदगीरच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं. वहिनींना हातांवरून ओळखायला त्यांच्या पाटल्यांचे कंगोरे पुरले. सोमवारी मोंढ्यात सौद्याच्या वेळी कुणीतरी अण्णाला विचारलं, "सावकार, बारसं कवा?" दुसऱ्याने ते नाव घेऊन हाक मारली. अण्णा घरी आला, जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने केबल काढून टाकली. अव्वा म्हणाली, घराण्याचं नाव पेपरात आणलं. वहिनींना वाटेत अडवून कुणी काही विचारलं नाही. पण हळदीकुंकवाला त्यांनी जाणं सोडलं.

मंगळवारी त्यांचा मला फोन आला. रडत नव्हत्या. "वन्सं, तुम्ही पेपरात आहात. हे कुणी दिलं ते तुम्हाला कळंल का?"

मी म्हटलं, विचारते.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. मग त्यांनीच पुन्हा फोन केला. "शेजारची म्हणजे अक्काच ना, वन्सं?"

मी म्हटलं, "मला सांगता येत नाही, वहिनी. आमच्यात तसा नियम असतो."

हे वाक्य तपासून बघा. त्यात खोटं काही नाही. मला खरंच सांगता येत नव्हतं, आणि बातमी देणाऱ्याचं नाव न सांगण्याचा नियम खरंच असतो. त्या म्हणाल्या, "कळलं." त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी प्रभाक्का नेहमीसारख्या आल्या तेव्हा वहिनींनी दार उघडलं नाही. प्रभाक्कांनी ओट्यावरून विचारलं, काय झालं ते तरी सांग. हे मला प्रभाक्कांनीच नंतर फोन करून सांगितलं. "मी एक शब्द बोलले नाही गं कुणाशी. माझ्या पोराची शपथ. तू तरी सांग तिला. तुझं ऐकंल ती." मी म्हटलं, बघते. महिनाभर त्या रोज दारात येऊन गेल्या. मग त्यांनाही राग आला. मधल्या भिंतीवरून वाटी येणं-जाणं थांबलं. आज या गोष्टीला तीन वर्षं झाली.

या तीन वर्षांत मी माहेरी कितीतरी वेळा गेले. वहिनींनी केलेलं जेवले. माझ्या मुलीची वेणी त्यांनी घातली. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "पेपरवाल्यांचं काय, त्यांना पोट हाय. पण अक्कानं असं म्हणावं?" मी ताटातली भाकरी मोडत होते. मोडत राहिले. दुसरा कुणी बातमीदार असं वागला असता तर मी त्याला काय म्हटलं असतं, हे मला शब्दशः माहीत आहे. एका पोराला मी याहून लहान चुकीसाठी सगळ्यांसमोर बोलले होते. त्याने नोकरी सोडली.

मुख्य उपसंपादकांना ती चौकट आवडली होती. त्यांनी मला तसं सांगितलं. मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात प्रभाक्कांच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. सातवा महिना. आमंत्रणाचा फोन प्रभाक्कांनी स्वतः केला. वहिनींचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. म्हणाल्या, "तू गल्लीची लेक, लेकुरवाळी. लवकर ये."

मी गेले. अंगणात मांडव होता. मांडवातून वहिनींचं दार दिसत होतं. ते लावलेलं होतं. आत कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. सून पाटावर बसली, हिरव्या साडीत. प्रभाक्कांनी ताट उचललं, एकदा भिंतीकडे बघितलं आणि मग माझं नाव घेतलं.

पहिली ओटी मी भरली.