बैल हलले की नोंद जायची

दिग्रसजवळच्या एका जिनिंगच्या आवारात कापूस खरेदी केंद्र होतं. तिथला संगणक मधुसूदन पाठक सांभाळायचे. वडील कोर्टात कारकून, आजोबा पोस्टमास्तर. तीन पिढ्यांच्या नोकरीत घरातल्या कोणावर ठपका नव्हता. २००४च्या हंगामात तो मधुसूदन यांच्यावर आला.

गाडी काट्यावर चढली की वजन संगणकात जायचं आणि नाव यादीत लागायचं. त्याच क्रमानं कापसाची प्रतवारी व्हायची. त्या वर्षी दसऱ्यानंतर केंद्र उघडलं आणि यादीतून नावं गळू लागली. नाव गळलं की बंडी पुन्हा रांगेच्या शेवटी. गळायची ती बंडीवाल्यांची, म्हणजे बैलगाडीवाल्यांची; ट्रॅक्टरवाल्याचं एकही नाही.

"मशीनलेबी ट्रॅक्टरच आवडते काय, मधुसूदनभाऊ?" धावजीनं विचारलं. त्याचं नाव दोनदा गळलं होतं. रांग हसली. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. मधुसूदन ट्रॅक्टरवाल्यांकडून पाकिटं घेतात, हे तोवर ठरून गेलं होतं. केंद्राचे व्यवस्थापक बापूजी यांनी सोमवारी बैठक लावली. "तोवर कारण आणा," ते म्हणाले, "नाही तर घरी बसा."

पडद्यावर एकच तक्रार यायची: डिस्कचा इंटरप्ट हरवला. डिस्कचं काम झालं की ती इंटरप्ट, म्हणजे इशारा, पाठवते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल हातातलं काम थांबवून तो घेतो. इशारा पोचलाच नाही तर तो वाट पाहतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी नोंद सोडून देतो. मधुसूदन यांनी केबल बदलली, मग डिस्कच बदलली. नावं गळतच राहिली.

शनिवारी त्यांनी इंटरप्टचा तक्ता उघडला. संगणकातलं डिस्कचं कार्ड आणि वजनकाट्याचं कार्ड एकाच लाइनवर, म्हणजे इशारा जाण्याच्या एकाच वाटेवर, दिसलं. मागच्या हंगामात दोघांच्या लाइनी वेगळ्या होत्या.

"शंकरसिंग, कार्ड कोणी काढलं होतं?"

"खंडेनवमीले पूजा केली ना साहेब," मापारी शंकरसिंग म्हणाला. "समदं खोलून पुसलं, कुंकू लावलं, जसंच्या तसं बसवलं."

जसंच्या तसं बसलं नव्हतं. काट्याचं कार्ड शेजारच्या खाचेत गेलं होतं, आणि त्या खाचेची लाइन डिस्कचीही होती.

तेवढ्यानं काही बिघडत नाही. दोन कार्डं एका लाइनवर नांदू शकतात. दोष काट्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे काट्याचं कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये होता. वजन स्थिर होईपर्यंत तो लाइन बंद करून ठेवायचा. काट्याची लाइन वेगळी होती तोवर त्यानं कोणाचं अडलं नाही. आता त्याच्यासोबत डिस्कचाही इशारा अडायचा. ट्रॅक्टर काट्यावर निवांत उभा राहतो. बैल पाय उचलतात, माना झटकतात, वजन हलत राहतं, आणि लाइन बंद राहते.

तो ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वी मधुसूदन यांनी स्वतः लिहिला होता.

त्यांनी धावजीची बंडी काट्यावर घेतली. पडद्यावर डिस्कच्या इशाऱ्यांचा आकडा चढत होता. डाव्या बैलानं खूर आपटला, आकडा थांबला.

"पाह्यलं?"

"म्हणजे माह्या बैलायनंच माह्यं नाव खाल्लं?" धावजी म्हणाला. "वा रे वा!"

त्याच दुपारी मधुसूदन यांनी ड्रायव्हर दुरुस्त केला. लाइन बंद करण्याची ओळ काढली, कार्ड मात्र दोष ड्रायव्हरचाच होता हे कळावं म्हणून मुद्दाम त्याच खाचेत ठेवलं. संध्याकाळपर्यंत सदतीस बंड्या झाल्या. एकही नाव गळलं नाही.

सोमवारी बैठकीत त्यांनी सगळं सांगितलं. बापूजींनी शंकरसिंगकडे पाहिलं. त्यानं खाली पाहत सांगितलं, "आपण तं फक्त पुसलं, साहेब." मग बापूजींनी विचारलं, "ते ड्रायव्हर का काय, ते कोणाचं?"

"माझं."

"म्हणजे चूक तुमची?"

"प्रोग्राममध्ये चूक माझी. पण जुना ड्रायव्हर पुन्हा घालतो, सगळ्यांसमोर दाखवतो. पैसे घेऊन नावं—"

"खरेदी चालू आहे, पाठक. आता मशीनला हात लावायचा नाही."

इतिवृत्तात एक वाक्य आलं: 'संगणक चालकाने आपली चूक कबूल केली.' बैल, खाच, लाइन यांतलं काही आलं नाही. रांगेत त्याचा सरळ अर्थ लागला. "पकडला तवाच काहून सुदरली मशीन?" कोणीतरी म्हणालं. धावजी तिथंच उभा होता. त्याला उत्तर माहीत होतं. त्याची दुसऱ्या खेपेची बंडी आता पुढून चौथी होती. त्यानं बैल पुढे हाकले.

पत्नी शुभदा यांनी घरी एवढंच विचारलं, "माझी चूक म्हणायची काय गरज होती?"

"होती ना चूक."

महिनाअखेर त्यांना काढलं. त्यांचा ड्रायव्हर पुढचे दोन हंगाम विनातक्रार चालला. मधुसूदन आता दिग्रसला पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. कोणी संगणक आणला तर पुसदला न्यायला सांगतात.